नेता उतरवण्याची विद्या

पहाटे कोथिंबिरीचा वास जिन्यावरून वर चढत आला, की मी अंथरुणातच ओळखत असे: जगात कुठेतरी एखाद्या पक्षाने आपलाच नेता खाली उतरवला आहे.

अमेरिकेत वेस्ट विंडसरमधल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. खालचा मजला घरमालकीणबाईंचा. त्या मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका कॉलेजात त्यांनी निम्मं आयुष्य राज्यशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर शिकवणं थांबवायचं तेवढं त्यांच्याकडून राहून गेलं. बुद्धपौर्णिमेला त्या खीर करत, पाहुण्यांना पोहे करत. सांबारवडी मात्र त्यांनी राखून ठेवली होती. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. खसखस, खोबरं आणि तिखट घालून परतलेलं ते हिरवंगार सारण बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळून तळलं, की घरातल्या पडद्यांनासुद्धा दोन दिवस भूक लागलेली असे. हा पदार्थ त्या फक्त सत्तांतराला करत, आणि तेही सरसकट नव्हे. निवडणुकीत विरोधकांकडून हरलेल्या नेत्यासाठी त्या शेगडीही पेटवत नसत.

"विरोधकांनी पाडलं, त्यात काय मोठं?" त्या म्हणत. "तो त्यांचा धंदाच आहे. ज्यांनी खांद्यावर घेऊन मिरवलं, त्यांनीच हळूच खाली ठेवलं आणि खांदे झटकले, ते बघावं. त्याला कसब लागतं."

पहिल्या दिवशी सामान उतरवताना मी त्यांना मावशी म्हटलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मावशी म्हटलंस तर बाजारहाट सांगेन. काकू म्हटलंस तर लग्नाचं विचारेन. मॅडम म्हण, मग फक्त शिकवेन." मी मॅडम म्हणू लागले आणि त्यांनी तिन्ही गोष्टी केल्या.

चण लहान, केस कापसासारखे आणि कापलेले, सुती साडीखाली धावण्याचे बूट. आवाज खर्जातला, कडेला किंचित फाटलेला. जुन्या तंबोऱ्याच्या तारेवर धूळ बसली असावी तसा. त्यांच्या जवळून गेलं की निलगिरीच्या तेलाचा वास येई आणि त्यामागून, इतकी वर्षं वर्गाबाहेर राहूनही, खडूचा. हा दुसरा वास कदाचित माझ्याच मनाचा असेल. पण त्या बोलू लागल्या की समोर फळा आहे असं वाटल्याशिवाय राहत नसे.

निरनिराळ्या देशांतले पक्ष आपला नको झालेला नेता कसा उतरवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि अभ्यासाहून जास्त तो त्यांचा छंद होता. काही जण अत्तरांच्या बाटल्या जमवतात आणि झाकण उघडून पाहुण्यांच्या नाकाशी धरतात. मॅडम पायउतार झालेल्यांच्या कहाण्या तशा धरत.

"इंग्लंडात अविश्वासाची पत्रं लिहितात," त्या सांगत. "कोणी लिहिली ते कोणी विचारत नाही, आणि सगळे एकमेकांना चहा देतात. ऑस्ट्रेलियात सकाळी कुजबुज, दुपारी मोजणी. माणसाला कोट काढायलाही सवड मिळत नाही. जपानात नेता स्वतःच वाकून माफी मागतो आणि पक्ष ती मोठ्या मनाने स्वीकारतो. इथे अमेरिकेत कोणी ढकलत नाही. फक्त सगळे प्रकृतीची चौकशी करू लागतात."

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे नेत्याला हातही लावत नाहीत, बाप्पा. तो होता तिथेच उभा असतो. त्याच्या पायाखालचे आमदार तेवढे दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात नाश्ता करत असतात."

दिवाणखान्यातला टीव्ही त्या आवाज बंद करून पाहत. मला पहिल्यांदा वाटलं, कान गेले असावेत. एकदा एका मोठ्या सभेचं प्रक्षेपण चालू होतं. एक वयोवृद्ध नेता ओठ हलवत होता, मागे त्याच्याच पक्षाची माणसं ओळीने उभी होती आणि खोलीत फक्त फ्रीजची घरघर. मी आवाज वाढवायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी रिमोट उशीखाली सरकवला.

"शब्द त्याचे आहेत. चेहरे पक्षाचे आहेत," त्या म्हणाल्या. "मागच्यांकडे बघ. टाळी वाजवताना तळवे एकमेकांना लागतायत का? त्या निळ्या टायवाल्याचे लागत नाहीयेत. हवेलाच थोपटतोय तो."

मी पाहिलं. खरोखरच तो हवेला थोपटत होता, झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा. काही आठवड्यांनी मला पहाटे कोथिंबिरीचा वास आला.

त्यांच्या शास्त्रातलं सगळ्यात भरवशाचं लक्षण मात्र वेगळं होतं. पक्षाने नेत्यावर पूर्ण विश्वास असल्याचं जाहीर केलं की मॅडम त्याच्या जाण्याची तारीख धरूनच चालत. "ज्याच्यावर खरा विश्वास असतो त्याच्याबद्दल कोणी पत्रक काढतं का? तुझ्या आईने कधी जाहीर केलंय, की माझ्या नवऱ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे?" हा नियम घरातही लागू होता. एका सकाळी फ्रीजकडे पाहत त्या शांतपणे म्हणाल्या, "या फ्रीजवर माझा पूर्ण विश्वास आहे," आणि पुढच्या आठवड्यात दोन माणसं नवा फ्रीज घेऊन दारात उभी राहिली. तेव्हापासून त्या माझ्या स्वयंपाकाची स्तुती करू लागल्या की मी धास्तावत असे.

अशा या बाई आमच्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्या अध्यक्षपदाला आता मंडळ कंटाळलं होतं.

मंडळ म्हणजे आमच्या भागातल्या आंबेडकरी बौद्ध कुटुंबांचं. नागपूर, पुणे, मुंबई, कुठून कुठून आलेली माणसं. कोणी औषधांच्या प्रयोगशाळेत, कोणी संगणकापुढे, कोणी अजून शिकणारं. एप्रिलमध्ये जयंती, मे महिन्यात वार्षिक सभा, एरवी कोणाला घर शोधून दे, कोणाच्या आईला विमानतळावरून आण. हे सगळं मॅडमनी उभं केलं होतं. बर्फाच्या दिवसांत नवख्या मुलांना त्यांनी स्वतःची स्वेटरं दिली होती. आणि त्यांची अध्यक्षीय भाषणंही दिली होती. भाषण सुरू होताना जेवणाच्या ट्रेमधून वाफा निघत. संपताना रश्श्यावर तेलाची साय धरलेली असे. सभेला त्या वर्गासारखी हजेरी घेत. मुलांनी संविधानाची उद्देशिका मराठीत तोंडपाठ म्हणावी असा त्यांचा हट्ट होता. एका चिमुरडीने हात वर करून विचारलं, "आँटी, कॅन आय जस्ट डू द फर्स्ट लाइन?" तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पहिली ओळ सगळ्यांनाच येते, बाळ. देश पुढच्या ओळींत आहे."

ते वाक्य मला फार आवडलं होतं. त्या मुलीच्या आईला ते अजिबात आवडलं नाही. त्याच वर्षी मॅडमनी मुलांचा नाच कार्यक्रमातून काढला. "मॅडम, मुलं तीन महिने प्रॅक्टिस करतायत," ती आई काकुळतीला येऊन म्हणाली. "मग पुढच्या वर्षी आणखी छान नाचतील," मॅडम म्हणाल्या आणि भाषण दहा मिनिटांनी वाढवलं.

तरुण कुटुंबं गळू लागली. वेगळं मंडळ काढायची बोलणी कानावर येऊ लागली, आणि इथे आम्ही चरकलो, कारण फाटाफूट हा आमच्या चळवळीचा जुना आजार. समुद्र ओलांडूनही तो आमच्या सामानातून आलाच होता. मॅडम राहिल्या तर मंडळ दुभंगणार, हे उघड होतं. त्यांना जायला सांगायचं कोणी आणि कसं, एवढंच उरलं होतं.

मतदान का घेतलं नाही, असं कोणी विचारील. खरं सांगायचं तर आमच्या मंडळात तोवर एकदाही मतदान झालेलं नव्हतं. आमच्या माणसांना मताचा हक्क किती झगडून मिळाला यावर मॅडम तासभर बोलत, सगळे गहिवरत, आणि मग नवीन कार्यकारिणी टाळ्यांनी निवडली जाई. "आपल्यात निवडणूक कशाला? एकमत होऊ दे." दर खेपेला हेच वाक्य, तेच एकमत, त्याच मॅडम. ज्या बाईंना पृथ्वीच्या पाठीवरच्या प्रत्येक पक्षाची मोजणीची रीत ठाऊक होती, त्यांनी स्वतःच्या मंडळाची घटना लिहिताना अध्यक्षाला काढण्याचं कलम लिहिलंच नव्हतं.

तेव्हा कार्यकारिणीने आपला घरगुती उपाय शोधला. सत्कार.

ही कल्पना आमच्या खजिनदाराची. हा पुण्याहून आलेला संगणक अभियंता. अमेरिकेतलं पहिलं वर्ष त्याने मॅडमच्या घरात, आता माझ्याकडे असलेल्याच खोलीत काढलं होतं. दर पंधरा दिवसांनी शनिवारी तो त्यांना गाडीतून एडिसनला ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात नेई आणि त्या कोथिंबिरीची एकेक जुडी हुंगत असताना टोपली धरून मागे उभा राही. माणूस लोण्याचा. त्याने मला तिथल्याच एका उपाहारगृहात बोलावलं. डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा चर्र आवाज दर मिनिटाला येत होता आणि तो प्रत्येक वेळी बोलणं थांबवत होता, जणू तवाच हरकत घेत होता.

"काही हार्श करायचं नाहीये," तो म्हणाला. "वार्षिक सभेत सुरुवातीलाच सत्कार. शाल, रोपटं, सगळ्यांनी दोन शब्द. मग अनाउन्स करायचं, की मॅडम आता आपल्या मार्गदर्शक. टाळ्या. टाळ्या थांबायच्या आत नवीन कमिटीची नावं वाचायची. इट्स डन."

"आणि नवीन अध्यक्ष?"

त्याने चटणीकडे पाहिलं. "सगळे मलाच म्हणतायत, यार."

"त्यांना कळणार नाही असं वाटतं तुला? त्यांना?"

"कळलं तरी शाल घातल्यावर काय बोलणार त्या?"

आमच्या मंडळात सत्काराला नारळ देत नसत. मॅडमनीच ठराव करून तो बंद केला होता आणि त्या जागी रोपटं आणलं होतं. शाल मात्र राहिली होती. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर खजिनदाराचा मजकूर आला: मॅडमच्या नेतृत्वावर आम्हा सर्वांचा पूर्ण विश्वास असून यंदाच्या सभेत त्यांचा हृद्य सत्कार करण्यात येईल.

मी मोबाइल हातात धरून जिना उतरले. मला वाटलं होतं, खाली हसण्याचा गडगडाट ऐकू येईल. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. सकाळचं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांतून झिरपून भिंतीवर पडलं होतं.

"वाचलंस का?" त्या म्हणाल्या. "किती छान लिहिलंय पोरांनी."

त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी वर्षं न पाहिलेली एक मऊ, ओलसर चमक होती. मग त्यांनी कपाट उघडलं आणि कुठली साडी नेसावी हे मला विचारलं. एकामागून एक घड्या मोडू लागल्या. कापूर आणि जुन्या रेशमाचा वास खोलीभर पसरला. मी फिकट जांभळीवर बोट ठेवलं आणि वर निघून आले. आवाज बंद करून दुसऱ्यांचे तळवे न्याहाळणाऱ्या बाईंना आपल्या अंगणातली टाळी ऐकू येत नव्हती.

चार दिवस मी गप्प होते. हसतमुखाने शाल पांघरतील, सभा संपेल, घरी येतील, साडी बदलतील, आणि मग केव्हातरी टीव्हीसमोर बसल्या असताना त्यांना लक्षात येईल, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली गेले. त्या कोथिंबीर निवडत होत्या. उद्याच्या आनंदात नियम मोडून सांबारवडीचा बेत होता.

"मॅडम, उद्याचा सत्कार निरोपाचा आहे," मी म्हटलं. "त्यांना नवीन अध्यक्ष करायचाय."

त्यांचे हात थांबले नाहीत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. देठ मोडल्याचा तो बारीक, ओला आवाज तेवढा येत राहिला.

"नवीन कोण?"

मी सांगितलं.

"मार्गदर्शक म्हणणार?"

"हो."

"आणि नावं टाळ्या चालू असतानाच वाचणार."

"हो."

"चांगली पद्धत आहे," त्या म्हणाल्या. हे त्यांच्यातल्या अभ्यासकाने म्हटलं होतं. मग हात थांबले. हिरव्या डागांनी भरलेली बोटं त्यांनी टेबलावर उताणी ठेवली. "पण मला काहून नाही दिसलं गं? मी जपानातलं ओळखते."

उत्तरही त्यांनीच दिलं. "आतून बघितलं की ते प्रेमासारखंच दिसत असेल. उतरवलेल्या त्या सगळ्या नेत्यांनाही तसंच दिसलं असणार. आणि मी हसत होते त्यांना."

"तुम्ही नको म्हणाल तर कोणी काही करणार नाही," मी म्हटलं. "त्यांची हिंमत नाही."

"तेच तर वाईट आहे." त्या उठून नळाखाली हात धुऊ लागल्या. पाण्याच्या आवाजातच बोलल्या, "मला काढतायत याचा राग नाही. मी फार बोलते, मला ठाऊक आहे. पण आपली माणसं आपल्या अध्यक्षाला टाळ्या वाजवून काढणार? मला मोजून काढा म्हणावं."

सभा एका शाळेच्या उपाहारगृहात होती. फरशीला फिनेलचा आणि सांडलेल्या दुधाचा मिळून एक फिकट वास येत होता, त्यावर मसालेभाताचा तमालपत्री वास हळूहळू चढत होता. घडीच्या खुर्च्या कुरकुरत होत्या. वंदना झाली. खजिनदार पारदर्शक वेष्टनातली शाल दोन्ही हातांवर घेऊन उभा राहिला, तोच मॅडम फिकट जांभळ्या साडीत, धावण्याच्या बुटांनी, मंचावरच्या माइकपाशी पोहोचल्या.

"सत्कार नंतर," त्या म्हणाल्या. "आधी कामकाज. विषय एकच. मी अध्यक्ष राहावं की जावं. मी जावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

खुर्च्यांची कुरकुर थांबली. कुठेतरी एका ट्रेचं झाकण वाफेने थरथरत होतं, ते ऐकू आलं. एकही हात वर नव्हता. ज्या आईने गेल्या महिन्यात वेगळ्या मंडळाचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं ती मुलीची वेणी सारखी करू लागली. "मॅडम, असं काय करताय, वुई ऑल लव्ह यू," खजिनदार पुटपुटला.

"त्याची मोजणी नाहीये आज," मॅडम म्हणाल्या.

त्या वाट पाहत राहिल्या. वर्गात प्रश्न विचारून थांबणाऱ्या शिक्षकाचं ते थांबणं होतं. त्यात घाई नव्हती आणि सुटकाही नव्हती. मला कळलं, की कोणीच हात वर केला नाही तर त्या हरतील. टाळ्यांनी आलेल्या होत्या, टाळ्यांनी राहतील, आणि उन्हाळा संपायच्या आत निम्म्या खुर्च्या दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत मांडलेल्या असतील. माझा हात मांडीवर एखाद्या ओल्या कापडासारखा पडला होता. मी तो उचलला. कानापर्यंत आला आणि तिथेच थबकला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"कोपर सरळ कर," त्या म्हणाल्या. "अर्धा हात मोजता येत नाही."

मी कोपर सरळ केलं. मग माझ्या मागे एक खुर्ची कुरकुरली, मग बाजूला एक. वेणी सोडून त्या आईचा हात वर गेला. हात वर जाताना बांगड्या मनगटावरून खाली घसरतात, त्यांचा किणकिणाट ओळीओळीने मागे सरकत गेला. खजिनदाराची मात्र पंचाईत झाली होती, कारण दोन्ही हात शालीखाली अडकले होते.

"ती खाली ठेव आधी," मॅडम म्हणाल्या. "तुझंही मत आहे."

त्याने शाल टेबलावर ठेवली. त्याचे डोळे भरले होते, पण हात त्याने पुरता वर केला.

मॅडमनी बोटाने हवेत टिंबं देत सावकाश मोजलं. मग त्या राहाव्यात असं वाटणाऱ्यांचे हात मागितले आणि तेही तितक्याच सावकाशीने मोजले. दोन्ही वेळा हात वर करणारी चार माणसं निघाली. त्यांना त्यांनी उभं करून एक बाजू निवडायला लावली. शेवटी माइक जवळ ओढून त्या म्हणाल्या, "ठराव मंजूर. मोजून मंजूर. टाळ्या वाजवू नका." आणि खजिनदाराकडे वळून, "आता दे ती शाल. गार आहे इथे."

शाल पांघरून त्या पायऱ्या उतरल्या आणि क्षणभर घुटमळल्या. इतकी वर्षं त्यांची खुर्ची मंचावरच असल्यामुळे खाली आपली जागा कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पिशवी उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली. त्या बसल्या. नव्या शालीला दुकानाचा, कोऱ्या लोकरीचा वास येत होता, आणि त्याखाली निलगिरीचा.

मंचावर नव्या अध्यक्षाने माइक स्वतःच्या उंचीला आणला. "मी फक्त दोन मिनिटं घेतो," असं म्हणून त्याने खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि उलगडू लागला. ते उलगडतच राहिले.

मॅडमनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळवे गरम होते.

"दुखला का गं?"

"जड झाला होता."

"पहिल्यांदा होतो," मंचावरच्या कागदांची जाडी निरखत त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या वेळी हलका जाईल."